पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत: वेगवान मेमरी कार्ड घेऊ की फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर?

पाणवठा
नमस्कार मंडळी,
दोन वर्षं झाली, फोटो काढतोय. बहुतेक पक्ष्यांचे, आणि अधूनमधून मित्रांच्या नाटकाच्या तालमींचे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, कार्डासाठी एकच स्लॉट. आत्तापर्यंत सगळं जेपेगमध्ये काढत आलो.

मागच्या महिन्यात एका तळ्यावर खंड्या सूर मारायच्या तयारीत बसला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच रॉ (कॅमेऱ्याने काटछाट न केलेली मूळ फाइल) अधिक जेपेग असं लावलं होतं. सलग बटण दाबून धरलं, दहाबारा फोटो झाले आणि कॅमेरा अडकला. लाल दिवा वीसएक सेकंद लुकलुकत राहिला. तेवढ्यात खंड्या पाण्यात गेला, मासा घेऊन वर आला, उडूनही गेला. माझ्याकडे फक्त तो फांदीवर बसल्याचे बारा फोटो आहेत.

दुसरीकडे तालमींचे फोटो. चेहरे पिवळे पडतात, सावल्यांत नुसता दाणेदार काळोख. एक मित्र म्हणतो चांगलं सॉफ्टवेअर घे, सगळं सुधारेल. दुसरा म्हणतो आधी वेगवान कार्ड घे. दोन्ही एकदम परवडणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर आधी काय घेतलं असतं?

गणिती
आधी हिशोब मांडू. तुमचा कॅमेरा सेकंदाला साधारण ८ फोटो घेत असेल असं धरतो. २४ मेगापिक्सेलची १४ बिटची रॉ फाइल न दाबता ठेवली तर ४२ मेगाबाइटची होते. दाबून ठेवली तर २५ च्या आसपास. वर जेपेगचे दहाएक. म्हणजे एका फोटोमागे ३५ आणि सेकंदाला २८० मेगाबाइट.

कॅमेऱ्याचं बफर म्हणजे हौद. लेन्सकडून येणारा नळ मोठा आणि कार्डाकडे जाणारी मोरी बारीक असेल, तर हौद भरणारच. बारा फोटोंत भरला म्हणजे तो ४२० मेगाबाइटचा आहे, आणि रिकामा व्हायला वीस सेकंद लागले म्हणजे कार्ड सेकंदाला वीसएक मेगाबाइटच लिहितंय. हे आजच्या मानाने फारच कमी आहे. कार्डावर काय काय छापलंय ते सांगाल का? आणि कॅमेऱ्याला यूएचएस-टू (यूएचएस-वनपेक्षा वेगवान प्रकारचं कार्ड) चालतं का तेही बघा. त्या कार्डाच्या मागे पिनांची दुसरी रांग असते. कॅमेऱ्यात ती वाचायची सोय नसेल, तर महागडं कार्डही यूएचएस-वनच्या १०४ मेगाबाइटच्या मर्यादेतच चालेल.

कृष्णधवल
मी सॉफ्टवेअरच्या बाजूने. रोलच्या काळात मी स्वतः डार्करूममध्ये प्रिंट काढल्या आहेत, त्यामुळे ठामपणे सांगतो की फोटो काढून झाला तेव्हा काम निम्मंच झालेलं असतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. तालमीतले पिवळे चेहरे जेपेगमध्ये सरळ करायला गेलात की त्वचेवर डाग पडतात, कारण कॅमेऱ्याने उरलेल्या पायऱ्या आधीच फेकून दिलेल्या असतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) नंतर निवडता येतो, काही बिघडत नाही. खंड्या रोज येईल, पण तालमीतला तो एक चेहरा परत येणार नाही. आधी रॉ उघडणारं चांगलं सॉफ्टवेअर घ्या.

टिपकागद
एक स्मृती, दुसरी प्रतिभा. स्मृतीच नसेल तर प्रतिभा काम कशावर करणार?

कृष्णधवल
@टिपकागद, आणि प्रतिभा नसेल तर स्मृती म्हणजे माळ्यावरची ट्रंक. :)

तिपाई
टिपकागद यांनी एका ओळीत सांगितलं तेच मी लांबण लावून सांगते, कारण मला ते फार वाईट रीतीने कळलंय.

आमच्या शाळेतल्या बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी फोटोंची जबाबदारी माझ्याकडे होती. तीनशेच्या वर फोटो काढले, सगळे एकाच कार्डावर. घरी येऊन कार्ड संगणकाला लावलं तर 'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न समोर. हात गार पडले. नशिबाने काही दाबलं नाही. कार्ड काढून ठेवलं, रात्रभर वाचत बसले आणि सकाळी फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. ते कार्डावरची फोल्डरांची यादी बघतच नाही, थेट फाइलींच्या खुणा शोधत जातं. त्यामुळे फाइलींची मूळ नावं गेली, पण बहुतेक फोटो परत आले. साठेक आले नाहीत. बाईंनी आमच्या वर्गाला उद्देशून बोलताना डोळे पुसले होते, तो फोटो त्या साठांत होता. तो मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला होता, म्हणून तर अजून सलतं.

तेव्हा ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढंच करा: त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. फोटो पुसला किंवा साधं फॉरमॅट केलं तरी मजकूर बहुधा तिथेच असतो, फक्त यादीतून नाव जातं. नवीन फोटो त्याच जागेवर बसला की मात्र जुना कायमचा जातो. आणि परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, दुसऱ्या डिस्कवर घ्या.

धाग्याच्या प्रश्नाला उत्तर: आधी कार्ड. पण वेगासाठी नव्हे, भरवशासाठी.

खिडकीबाहेर
+१ तिपाई. बाईंच्या फोटोचं वाचून वाईट वाटलं.

आडवाट
मला हा प्रश्नच पटत नाही. निवड करायची वेळच कुठे आली आहे? कार्ड मोफत मिळत नाही, सॉफ्टवेअर मिळतं. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज: कॅमेरा ज्या कंपनीचा, तिचं रॉ उघडणारं सॉफ्टवेअर बहुधा फुकटच उतरवून घेता येतं. त्यापलीकडे जायचं तर डार्कटेबल आहे, रॉथेरपी आहे. फोटो लावून ठेवायला डिजिकॅम, थर रचून काम करायला गिंप. गिंप तर १९९६ पासून चालू आहे. मी पाच वर्षं डार्कटेबलवर आहे आणि माझे फोटो प्रदर्शनात लागले आहेत. सगळे पैसे कार्डात घाला.

कृष्णधवल
आडवाट, तुमचे फोटो मी पाहिलेत, सुंदर असतात. पण तुम्ही डार्कटेबलवर किती रात्री घालवल्यात तेही सांगा. त्यातल्या मॉड्यूलांची यादी बघूनच नवा माणूस मागे फिरतो. शिवाय अंधारातल्या फोटोंसाठी एक गोष्ट महत्त्वाची: २०२३ च्या एप्रिलमध्ये लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं, फोटोतले दाणे घालवणारं डीनॉइज आलं. आयएसओ ६४०० चे, म्हणजे कमी उजेडात काढलेले माझे जुने फोटो त्यातून काढले तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसेना. केसांची एकेक बट सुटी दिसत होती. डीएक्सओचं फोटोलॅबही या कामात पटाईत आहे. तालमींसाठी हे लागणारच.

आडवाट
दोन महिने रात्री बसलो, हे खरं. पण त्या दोन महिन्यांत मला टोन कर्व्ह म्हणजे काय ते कळलं, आणि ते ज्ञान कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उपयोगी पडतं. डीनॉइजबद्दल मान्य. फक्त त्याला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं हेही सांगायला हवं. जुन्या लॅपटॉपवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागतात.

खिडकीबाहेर
भाड्याच्या सॉफ्टवेअरबद्दल एक. लाइटरूम एकदाच पैसे भरून मिळायचं ते आवृत्ती ६ पर्यंत, २०१५ साली. आता वर्गणी. वर्गणी थांबवली तरी मूळ फोटो तुमच्याच डिस्कवर असतात, ते कुठे जात नाहीत. पण लाइटरूम क्लासिकमधला सुधारणा करायचा विभाग बंद होतो. म्हणून वर्गणी घेण्याआधी 'हे मी पाच वर्षं भरत राहणार का' असं स्वतःला विचारा. कार्ड एकदाच घ्यायचं असतं, वर्गणी दर महिन्याला. या दोन खर्चांची तुलना एका महिन्याच्या आकड्यावर करू नका.

पाणवठा
इतक्या मनापासून लिहिताय, सगळ्यांचे आभार. गणिती, कार्ड ६४ जीबीचं आहे. वर गोलात १०, इंग्रजी यूमध्ये ३, व्ही३० आणि ए२ असं सगळं छापलंय. म्हणजे कार्ड वेगवान असायला हवं ना? मग वीस मेगाबाइटच का?

उनसावली
थांबा. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, ही हमी असते. गणितींच्या हिशोबाने तुमचं कार्ड त्याच्याही खाली आहे. मला शंका येतेय. कार्ड खरं आहे का?

बनावट कार्डांचा प्रकार असा असतो: आतली चिप लहान, पण कंट्रोलरमध्ये फेरफार करून ते स्वतःला ६४ किंवा १२८ जीबीचं म्हणवतं. कॅमेरा आणि संगणक दोघंही विश्वास ठेवतात. खरी जागा संपेपर्यंत सगळं सुरळीत. त्यापुढे लिहिलेलं एकतर कुठेच जात नाही, नाहीतर जुन्यावर बसतं. फाइलीचं नाव दिसतं, आत कचरा.

तपासायला पैसे लागत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री. ते पूर्ण कार्ड ठरावीक मजकुराने भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. आधी कार्डावरचे फोटो दुसरीकडे काढून घ्या. भरायला आणि वाचायला बराच वेळ लागेल, रात्री लावून झोपा.

नवखा_क्लिक
मध्येच विचारतो, माफ करा. या सगळ्या खुणांचा अर्थ कुणी सोप्या भाषेत सांगेल का? माझ्या कार्डावर १७० असाही आकडा आहे.

गणिती
सांगतो. मोठ्या अक्षरात छापलेला १७० हा वाचायचा वेग, तोही 'पर्यंत'. फोटो संगणकावर घेताना उपयोगी, आणि तोसुद्धा त्याच कंपनीचा जुळणारा रीडर असेल तरच, कारण यूएचएस-वनची अधिकृत मर्यादा १०४ आहे. फोटो काढताना लागतो तो लिहायचा वेग, आणि तो अनेकदा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

व्हीपुढचा आकडा हा सलग लिहायचा किमान वेग: ६, १०, ३०, ६० आणि ९०. गोलातला १० म्हणजे किमान १०, यूमधला ३ म्हणजे किमान ३०. ए१, ए२ या खुणा फोनमध्ये कार्डावरून ॲप चालवणाऱ्यांसाठी. कॅमेऱ्यासाठी त्यांचे जास्त पैसे मोजू नका.

व्हिडिओवाल्यांची एक गल्लत नेहमी होते. कॅमेऱ्याच्या मेनूत ४०० लिहिलेलं असतं ते मेगाबिट. ८ ने भागा, म्हणजे ५० मेगाबाइट. त्याला व्ही६० हवं. १०० मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे जेमतेम साडेबारा मेगाबाइट, तिथे व्ही३० पुरून उरतं. मी एकाला १०० मेगाबिटसाठी व्ही९० घेताना थांबवलं होतं, उरलेल्या पैशांत त्याने चांगला ट्रायपॉड घेतला.

टिपकागद
अवांतर: फ्लॅश मेमरीला हे नाव कॅमेऱ्यामुळेच पडलं, हे इथे सांगायचा मोह आवरत नाही. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. एका झटक्यात सगळं पुसलं जातं हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि तेच नाव राहिलं. आज आपण ज्यात फोटो साठवतो त्या नँड प्रकाराची मांडणी त्यांनी १९८७ मध्ये केली.

तिपाई
काय सुंदर माहिती आहे! आता कार्ड हातात घेताना आठवेल.

अवांतरात माझीही भर: एसडी कार्डाच्या कडेची ती छोटी 'लॉक'ची पट्टी. कार्डाला स्वतःला ती वर आहे की खाली हे कळतच नाही, स्लॉटमधला स्पर्शक ते बघतो. पट्टी तुटून पडली आणि कॅमेरा 'कार्ड लॉक आहे' म्हणू लागला, तर त्या खाचेवर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावला की काम चालतं. त्या दिवसापुरतं. नंतर कार्ड बदलाच, चिकटपट्टी आत सुटली तर स्लॉट जाईल.

पाणवठा
उनसावली, तुमचं खरं निघालं.

काल रात्री एचटूटेस्टडब्ल्यू लावलं. सकाळी बघतो तर ६४ पैकी १५ जीबीच्या आसपास मजकूर बरोबर, पुढचं सगळं चुकीचं. लिहायचा वेग सरासरी १९.

आणि आता जुन्या गोष्टींचा उलगडा होतोय. गेल्या वर्षी एका लांबच्या सहलीत हजारांच्या वर फोटो काढले होते. शेवटच्या दिवसाचे कितीतरी फोटो अर्धे करडे निघाले, काही उघडलेच नाहीत. मी संगणकाला दोष दिला, केबल बदलली. त्यात पहाटेच्या धुक्यातली करकोच्यांची रांग होती. एरवी मी दर दोनतीन दिवसांनी कार्ड रिकामं करतो म्हणून पंधराच्या पुढे क्वचितच गेलो असेन. विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, पण मन फार खट्टू झालंय.

उनसावली
वाईट वाटलं. आपलं बरोबर निघाल्याचा आनंद होत नाही अशा वेळी. करकोच्यांच्या फाइली ठेवल्या असतील तर पुसू नका. अर्ध्या करड्या रॉ किंवा जेपेगच्या आत लहान पूर्वदर्शन चित्र असतं, ते कधीकधी शाबूत असतं. एक्झिफटूल या मोफत सॉफ्टवेअरने बाहेर काढून बघा. आकाराने लहान मिळेल, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

कृष्णधवल
हे वाचल्यावर माझा क्रम बदलतो. आधी कार्ड, यात आता वादच नाही. फक्त एक विनंती: कार्ड आलं की जेपेगकडे परत जाऊ नका. रॉ काढत राहा. आज तुम्हाला जे सॉफ्टवेअर परवडत नाही ते तीन वर्षांनी परवडेल, आणि तेव्हा आजच्या रॉ फाइली त्यात घालता येतील. मी माझे २००९ चे फोटो आज नव्याने काढतोय. ज्या वर्षी जेपेगवर भागवलं, त्या वर्षाचं काही करता येत नाही. मात्र बगळ्याची पिसं पूर्ण पांढरीफेक जळाली असतील तर रॉसुद्धा वाचवणार नाही, हे लक्षात ठेवून उजेड थोडा कमीच धरा.

आडवाट
हे मात्र शंभर टक्के पटलं. @पाणवठा, एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. एक गेलं तर निम्मं तरी राहतं.

उनसावली
इथे मी असहमत. पक्ष्यांच्या मागे चिखलात उभं राहून कार्ड बदलणं म्हणजे ते हरवायची उत्तम संधी. मी बोटीतून एक कार्ड पाण्यात सोडलंय. कार्ड आपणहून मरण्यापेक्षा माणसाच्या हातून हरवण्याचं प्रमाण माझ्या ओळखीत तरी जास्त आहे. दोन घ्या, पण बदलायचं ते दिवस संपल्यावर, गाडीत किंवा घरात बसून. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे लेबल खाली. रिकामं सुलटं.

तिपाई
डबीची युक्ती मीही वापरते. आणि दोन स्लॉटवाले, दुसरा स्लॉट 'पहिला भरल्यावर' असा न ठेवता 'दोन्हीवर एकदम' असा ठेवा.

घरी आल्यावरही पीटर क्रोग या छायाचित्रकारांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. कार्ड ही त्यातली प्रत धरू नका. फ्लॅश मेमरीत विद्युतभार साठवलेला असतो, वर्षानुवर्षं खणात पडून राहिली तर तो झिरपतो.

नवखा_क्लिक
वाचनखूण साठवली. आज रात्री माझं १७० वालं कार्ड तपासायला लावतोय.

पाणवठा
तीन आठवड्यांनी परत येतोय, शेवट सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडून बघितलं, यूएचएस-टू चालत नाही. म्हणून ते घेतलं नाही. ६४ जीबीची दोन व्ही३० कार्डं घेतली, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, आणि पाकीट उघडल्या दिवशीच दोन्ही पूर्ण भरून तपासली. दोन्ही खरी. लिहायचा वेग ऐंशीच्या जवळ. रॉसोबतचं जेपेग बंद केलं. आता बावीस-तेवीस फोटो सलग निघतात आणि लाल दिवा पाच-सहा सेकंदांत विझतो. गणिती, तुमचा हौद अगदी बरोबर होता.

सॉफ्टवेअरवर आत्ता काहीच खर्च केला नाही. कॅमेरा कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. परवाच्या तालमीचा पहिला रॉ उघडला आणि कृष्णधवल म्हणाले तसा व्हाइट बॅलन्स नंतर निवडला: फोटोतल्या मागच्या राखाडी पडद्यावर ठिपका ठेवून एकदा क्लिक केलं. मैत्रिणीचा चेहरा पिवळ्यातून बाहेर आला. मी तो फोटो आधीच्या जेपेगशेजारी ठेवून किती वेळ बघत होतो. सावल्यांतले दाणे आहेतच, त्यासाठी डीनॉइज लागेल. त्याचे पैसे साठवायला घेतलेत.

एक्झिफटूलने करकोच्यांचे चार फोटो मिळाले. तळहाताएवढे लहान, पण रांग पूर्ण आहे.

तिपाई
चार मिळाले! फार बरं वाटलं वाचून. नवी कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्या, संगणकावर नको. आणि ते जुनं कार्ड नुसतं खणात टाकू नका. घाईत कधीतरी तेच हाताला लागेल.

पाणवठा
कात्रीने दोन तुकडे केलेत. उद्या पहाटे परत त्याच तळ्यावर जातोय.